जिन्यात मावेल तेवढं

घरात लपवायच्या जागा करणारी माणसं पुष्कळ असतील. पण केलेली प्रत्येक लपवायची जागा साऱ्या गल्लीला हाका मारमारून दाखवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि तो उचगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आवाज पंचविशीतला. त्यांच्याकडे कोणी पहिल्यांदा आलं की पाण्याचा तांब्या नंतर येतो, आधी त्याला जिन्यापाशी उभं करून आप्पा विचारतात, "पावणं, ह्या जिन्यात कप्पं किती हायती, वळखा बघू!" पाहुणा बिचारा वर बघतो, खाली बघतो. त्याला साधासुधा लाकडी जिना दिसतो. मग आप्पा एका पायरीला अंगठ्याने दाबतात, टक् आवाज होतो आणि पायरीचं तोंड खणासारखं बाहेर येतं. गॅसचं सिलिंडर आणून देणाऱ्याचीसुद्धा यातून सुटका नाही.

हे सगळं सुरू झालं एका चातुर्मासात. गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराज आले होते. माणसाने आपल्या मालकीच्या वस्तूंना स्वतःच मर्यादा घालून घ्यावी आणि मग ती मोडू नये, असं त्यांनी सांगितलं. कोणी जमिनीची मर्यादा सांगितली, कोणी सोन्याची. आमचे आप्पा उठले आणि लाउडस्पीकरची गरज नसलेल्या आवाजात म्हणाले, "माज्या घरच्या जिन्यात मावंल, तेवढंच माजं. बाकी कायबी माजं न्हाय!" महाराज हसले. बायकांत माझ्या शेजारी बसलेल्या अक्कांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. या माणसाने जन्मात एक वाकडा खिळा टाकलेला नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! जिन्याखाली तेव्हा एक बुटकं कपाट होतं, त्यात केरसुण्या. आप्पांचं सामान मात्र सोप्यापासून गच्चीपर्यंत पसरलेलं.

दुसरा कोणी असता तर त्याने सामान कमी केलं असतं. आप्पांनी जिना वाढवला. करवत, रंधा, फळ्या आल्या आणि ठोकाठोकी सुरू झाली. माझ्या फळीवरचे मसाल्याचे डबे उड्या मारायला लागले. प्रत्येक पायरीला खण झाला, वळणावरच्या फळ्यांखाली पेटी झाली, बाजूच्या लाकडामागे फडताळं झाली, कठड्याचा जाड खांबसुद्धा आतून पोकळ करून घेतला. मी एकदा वैतागून विचारलं, "आप्पा, ठेवायचं ते ठेवा. पण लपवताय कशाला?"

"अवो वैनी, डोळ्याला दिसलं की मोह हुतोय. दिसलंच न्हाय, तर कसला मोह?"

"मग लोकांना उघडून दाखवता कशाला?"

"ती कारागिरी हाय की!"

एकदा हुपरीहून त्यांचे व्याही आले होते. चांदीचे पैंजण घडवणारे कारागीर माणूस, त्यामुळे आप्पांना आणखी जोर चढला. एकेक खण, त्याची कळ, त्याचं बिजागर. अक्का आतून हाका मारतायत, ताटं वाढलीयत, आणि हे खांबापर्यंत पोचलेत. दिवस मावळला! मावळल्यावर त्या घरात कोणी जेवत नाही. व्याही उपाशी परतले. अक्कांनी आप्पांची अशी काही हजेरी घेतली, की मला भिंतीला कानही लावावा लागला नाही.

एवढं करूनही जे मावेना, ते आप्पांनी बायकोच्या नावावर घालायला सुरुवात केली. "ह्यो रेडिओ माजा न्हाय, अक्काचा हाय." अक्का म्हणाल्या, "माजा व्हय? बरं झालं सांगितलासा." आणि संध्याकाळच्या आत तो भंगारवाल्याच्या गाडीवर होता. त्या दिवसापासून अक्कांच्या नावावर काही घालायची आप्पांची छाती झाली नाही.

सगळं कुठे ना कुठे गेलं, पण सायकल राहिली. काळी, उंच, मागे रुंद कॅरिअर. तरुणपणी कबनूरच्या मागांवरचं कापड त्या कॅरिअरवर बांधून आप्पा गावोगाव विकत फिरले, त्यातून दुकान उभं राहिलं. अक्का पहिल्यांदा नांदायला आल्या त्याही याच कॅरिअरवर बसून. सायकल जिन्यात मावत नव्हती, आणि महाराज पुढच्या गावाला निघायच्या आत दिलेला शब्द पुरा व्हायला हवा होता. शब्द मोडायचा, की सायकल सोडायची? आप्पांचं जेवण कमी झालं. आवाज उतरला. भिंतीपलीकडे इतकी शांतता मला सहन होईना.

मग एका दुपारी आरोळी आली, "वैनी, बसली! बसली!" मी धावत गेले. सांगाडा जिन्याखालच्या कपाटात, चाकं वळणावरच्या पेटीत, हँडल फडताळात, पायडल खणात, साखळी खांबात. आप्पा घामाघूम, पण चेहरा नवरदेवाचा. अक्का हात पुसत बाहेर आल्या.

"अवो, सायकल कुठं हाय?"

"ही काय, सगळी जिन्यात!"

"ह्यातली सायकल कंची? मला तिच्यावर बसवून दावा बघू."

आप्पांनी एकदा खांबाकडे बघितलं, एकदा पेटीकडे.

अक्कांचा आवाज एकदम खाली आला. "सोडायची तर अख्खी सोडा. असं हाल करून का ठिवताय तिला?"

मला हसू येणार होतं, पण आप्पा पायरीवर बसले आणि चक्क रडले. एवढा मोठ्या गळ्याचा माणूस अगदी आवाज न करता रडला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल पुन्हा जोडली, तेलपाणी केलं, पुसली आणि माझ्या दारात आणून उभी केली. "वैनी, आजपासनं ही तुमची." मी म्हटलं, मला चालवता येत नाही. "येत न्हाय तर शिका!" म्हणाले, आणि मागे न बघता निघून गेले.

तेव्हापासून रोज सकाळी ते पंप घेऊन दारात उभे राहतात. "वैनी, तुमच्या सायकलीत हवा भरू का?" मी हो म्हटल्याशिवाय तिला बोट लावत नाहीत. हवा कमी झालेली नसते, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, अक्कांना घेऊन एक चक्कर मारून या."

"दुसऱ्याची वस्तू हाय, वैनी."

"मग ती दुसरी मीच की! मीच न्या म्हणतेय ना!"

डबलसीट चालवायचं बळ आता आप्पांच्या पायांत नाही. अक्का पदर सावरून कॅरिअरवर बसल्या आणि आप्पा हँडल धरून चालत निघाले. एरवी कोणालाही न सोडणारी आमची गल्ली, पण कुणी एकही टोमणा मारला नाही. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, हळूहळू परत आले. अक्का उतरल्या. आप्पांनी सायकल माझ्या दारात स्टँडवर लावली आणि खांद्यावरच्या टॉवेलने सीट पुसली.

"उद्याही न्या आप्पा," मी म्हटलं. "रोज न्या."

त्यांनी मान हलवली.

"न्हाय वैनी. रोज न्यायला लागलो, तर परत माजीच हुईल."