दोन हात अलीकडं लावलेला दगड

फावड्याचा पहिला घाव माझ्या लेकीच्या, छायाच्या, डोक्यात बसला. ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला. ती धपाट्याचा घास तोंडात घेऊन बसली होती, तशीच कलंडली. दुसरा घाव माझ्या जावयाच्या पाठीत. शिवराज उठायला गेले आणि तिसऱ्या घावाला तोंडावर पडले.

मारणारा म्हातारा होता. माझ्याच वयाचा, सत्तरीच्या आसपास. डोक्याला काळी लोकरीची टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रुंद पात्याचं फावडं. खळ्यावर कणसं झोडपावीत तसा तो मारत होता, काम उरकायचं असल्यासारखा. दुपारचे दोन वाजले होते, चांगलं ऊन होतं, आणि मी सात-आठ पावलांवर उभी होते.

भूतखेत, भानामती मी जन्मात मानलं नाही. आमचं गाव भोकर तालुक्यात. गावातल्या एका बाईला भानामती करते म्हणून चारजण बदडून राहिले होते, तेव्हा मी मधे पडले आणि माझाच हात मोडून घेतला. मेलेली माणसं पुष्कळ धुतली मी. त्यातलं एकही उठून बसलं नाही. म्हणून हे वाचून कोणाला म्हणायचं असेल की आजीला भास झाला, तर म्हणा. चौथीपर्यंत शिकले, पण डोळे धड आहेत.

छाया आणि शिवराज जर्मनीत राहायचे. शिवराज उदगीरचे, कंप्युटरचं काम. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर गेले होते. दोन महिने खोलीत बसून वैतागले, तेव्हा एका रविवारी छाया म्हणाली, चल माय, तुला रान दाखवते.

गाडीनं दीड तास गेलो. एका पडक्या पाणचक्कीपाशी गाडी लावली. तिथून नदीच्या काठानं पायवाट निघते. नदी म्हणजे उन्हाळ्यात विष्णुपुरीच्या धरणाखाली गोदावरी उरते तेवढी. डाव्या हाताला गवताचं कुरण, उजव्या हाताला दाट जंगल, वाट दोन्हीच्या मधून. चुकू नये म्हणून झाडांना पिवळा पट्टा मारलेला. तीन कोसांवर जुना मठ, तिथं वाट संपते. पानगळ सुरू होती, पाय घोट्यापर्यंत पानांत जायचा.

"काय हाय त्या मठात?" मी विचारलं.

"काही न्हाई. पडक्या भिंती हायत," छाया म्हणाली.

"देव?"

"न्हाई."

"मग बाजार?"

"माय, लोकं नुसतं चालायला येतात इथं."

"नुसतं चालायला? ह्यांना शेतं न्हाईत का?"

शिवराज हसले. "मामी, मी पण हिला हेच विचारलं होतं. आता दर रविवारी मला ओढून आणती."

"मग येता कशाला?"

"न्हाई आलो तर घरी फरशी पुसायला लावती."

"एक दिवस पुसून तर दाखवा," छाया म्हणाली. "माय, ह्यांना पोछा कुठं ठिवलाय ते ठावं न्हाई अजून."

अशी चेष्टा करत तास-दीड तास चाललो. मग तो दगड दिसला.

वाटेच्या कडेला आडवा पडलेला. गुडघ्याएवढा, चारी बाजूंनी घडवलेला, एका अंगाला क्रूस कोरलेला. जवळच एक पाटी होती. शिवराजनी वाचून सांगितलं — ही जुनी हद्द. जंगल मठाचं, कुरण गावातल्या शेतकऱ्यांचं, आणि मधे हे दगड. पूर्वी त्यावरून फार मारामाऱ्या झाल्या, असंही पाटीवर होतं.

हद्दीच्या दगडापायी माझ्या घरात रक्त सांडलंय. माझा दीर दर साली नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आमच्या रानात घ्यायचा. पावसात बांधाचा दगड पडला की आमच्या आधी जाऊन आपल्या सोयीनं उभा करायचा. एका वर्षी माझ्या नवऱ्यानं त्याला बांधावरच धरलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. दीर सहा महिने अंथरुणाला होता. मी नवऱ्याला एक शब्द बोलले नाही. बरोबर केलं असंच मला वाटलं होतं.

तर पडलेला हद्दीचा दगड बघून मला पुढं जाववेना. आमच्या घरची पद्धत अशी — असा दगड दिसला की उभा करायचा, हळदकुंकू लावायचं, पाणी शिंपडून एक घास ठेवायचा. मग आपण जेवायचं. हळदकुंकवाची पुडी माझ्या पिशवीत कायम असते.

"माय, लोकाचा दगड हाय, हात लावू नको," छाया म्हणाली.

"लोकाचा असला म्हणून पडू द्यायचा का? धर तिकडून."

तिघांनी मिळून उचलला. त्याचा मूळचा खड्डा दिसत होता, पण त्यात पाणी आणि कुजकी पानं भरली होती. कोण हात घालणार चिखलात. मी म्हणाले, "इथं न्हाई बसायचा. दोन हात अलीकडं कोरडं हाय, तिथं लावा."

अलीकडं म्हणजे कुरणात.

"मामी, जागा बदलली तर चालती का?" शिवराजनी विचारलं.

"इथं कोण मोजायला येऊन राहिलंय."

हे माझेच शब्द. काठीनं उकरलं, दगड रोवला, हळदकुंकू लावलं, धपाट्याचा तुकडा ठेवला. छायानं फोनवर फोटो काढला. मग ती दोघं जुन्या खड्ड्याच्या आणि दगडाच्या मधल्या त्या दोन हात जागेत, दगडाला टेकून जेवायला बसली. मी जंगलाच्या बाजूला झरा होता तिथं हात धुवायला गेले, आणि परत वळले तेव्हा फावडं वर गेलेलं होतं.

मी धावले. हातातली काठी त्याच्या पाठीत घातली, जीव खाऊन. काठी लागली. माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, म्हणजे तो हवेचा नव्हता. त्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

शिवराज सरपटत माझ्याकडं यायला लागले. अंग खड्ड्याच्या जंगलाकडच्या बाजूला आलं, पाय कुरणातच राहिले. तो फक्त पायांवर मारत राहिला. हाड मोडलेलं ऐकू आलं. मी त्यांच्या बगलेत हात घालून ओढलं, पाय खड्ड्यापासून इकडं आले... आणि त्यानं त्यांना सोडलं. खड्ड्याच्या रेषेपलीकडं पाऊल टाकलं नाही. वळला आणि पुन्हा छायावर फावडं उचललं.

तेव्हा मला समजलं. असं मारणं मी आधी बघितलेलं होतं. वेडा माणूस असा मारत नाही. ज्याचं रान खाल्लं जातं, तो असा मारतो. आणि दिरानं आमचं जे केलं, ते मी तिथं करून बसले होते.

छाया दगडाच्या बुडाशी पडली होती. तिला ओढावं तर ती त्याच्या पायांत होती. मी दगडालाच मिठी घातली. हलवला, पाडला, तो माझ्या पावलावर पडला, दोन बोटं फुटली. तसाच लोटत, पलटी मारत खड्ड्याकडं नेला. मागं घाव पडत होते. मोजले नाहीत, पण एकेक ऐकू येत होता. दगड पाण्यात घातला, खांदा लावून उभा केला. चिखल तोंडावर उडाला.

घाव थांबले.

तो माझ्याकडं आला. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यानं चार फावडी माती दगडाभोवती टाकली. मग टाचेनं दाबली, एकदा डाव्या, एकदा उजव्या, फिरत फिरत, शेतकरी दाबतो तशी. आणि फावडं खांद्यावर टाकून कुरणातून नदीकडं चालू लागला. मी छायाकडं वळले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पुन्हा वर बघितलं तर कुरणात कोणी नव्हतं. गवत घोट्याएवढं. लपायला झाड नाही, झुडूप नाही.

छायाचा श्वास चालू होता. शिवराजनी पडल्या पडल्या फोन लावला. हेलिकॉप्टर आलं.

शिवराजनी पोलिसांना सांगितलं की त्यांना माणूस दिसलाच नाही. फावडंही नाही. "फक्त घाव लागत होते," असं म्हणाले. म्हणून पोलिसांनी त्यांच्यावरच संशय घेतला, दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी पहारा बसवला. हिंदी बोलणारी एक बाई मधे घालून माझा तीनदा जबाब घेतला. तिन्ही वेळा मी हेच सांगितलं. त्यांनी कुरणात कुत्री फिरवली. पावलं आम्हा तिघांचीच निघाली. फावडं सापडलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की जखमा रुंद, जड पात्याच्या आहेत आणि शिवराजच्या पाठीवरच्या जखमा त्यांना स्वतःला करता येणार नाहीत. तेव्हा पहारा उठला.

शेवटी त्या बाईनं मला दोन फोटो दाखवले. एक छायाच्या फोनमधला, दगड दोन हात अलीकडं, कुरणात. दुसरा पोलिसांनी त्याच संध्याकाळी काढलेला. दगड जुन्या खड्ड्यात उभा, माझं हळदकुंकू ताजं, आणि भोवतीची माती कोरडी, घट्ट. मातीवर शेवाळ. पोलिसांनी लोखंडी कांब घालून बघितली, आत जाईना. ती बाई मला म्हणाली, अम्मा, ही माती कितीतरी वर्षं कोणी हलवलेली नाही.

माझा भाचा म्हणतो, कोणी माथेफिरू असेल. असेल. पण माथेफिरूची पावलं उमटतात, आणि त्याच्या हातानं एका दुपारी शेवाळ उगवत नाही. मला उत्तर सापडलेलं नाही, शोधायची आता इच्छाही नाही. दगड उभा करा असं मी म्हणाले, जागा मी बदलली. शिवराजच्या आईसमोर बसूनही मी हे बोलले. ती उठून आत गेली.

त्या वाटेनं आम्ही तिघं गेलो होतो. शिवराज जगले, डावा पाय ओढत चालतात. मी जगले. छाया सहाव्या दिवशी तिथल्या दवाखान्यात वारली.