आजींचा होकार

मैत्रिणींनो, माजलगावच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते, तिथल्या मुलींचा आज सकाळी फिनलंडच्या विद्यार्थिनींबरोबर ऑनलाइन वर्ग होता. विषय होता रुग्णाची सुरक्षितता. तिकडच्या एका मुलीने विचारलं, "इंजेक्शनआधी तुम्ही रुग्णाला नाव विचारता, की तुम्हीच नाव घेऊन 'हो ना?' म्हणता?"

आमच्या मुली हसल्या. नांदूरघाटची प्रगती मला हळूच म्हणाली, "मॅडम, आपल्याकडं नुसतं आजी म्हणलं तरी भागतं."

दुपारी तिच्याबरोबर मी वॉर्डात होते. गंगूबाईंना इन्सुलिन द्यायचं होतं. त्यांच्या खाटेपाशी जाऊन प्रगतीने सवयीने विचारलं, "गंगूबाई ना तुम्ही?"

"व्हय."

सिरिंज हातात धरून ती थांबली. सकाळचा प्रश्न आठवला असावा. "आजी, तुमचं नाव सांगा बरं."

"सुभद्रा."

गंगूबाई पलीकडच्या खाटेवर होत्या. त्यांना पंख्याचं वारं सोसेना, म्हणून दोघींनी आपसात जागा बदलली होती. सुभद्राबाईंना मधुमेह नव्हताच.

"मग व्हय कावून म्हणलात?" प्रगतीने सिरिंज ट्रेमध्ये ठेवत विचारलं.

"बाई, सिस्टर म्हनती तर न्हाई कसं म्हनावं?"

मला माझी कॉन्व्हेंट शाळा आठवली. तिथल्या सिस्टर फार मायाळू होत्या, तरी कळो न कळो, आम्ही "येस सिस्टर" म्हणून मोकळ्या व्हायचो.

तुमच्या घरातली म्हातारी माणसं दवाखान्यात "नाही" म्हणतात का?