जॉबरमामांची दिवसाआडची पाळी

टॉवेल गालाला लावून जॉबरमामा तो कुठल्या देशाला जाणार ते सांगत. जाड, मऊ, सुताच्या उंच फंद्यांचा असला की डोळे मिटूनच म्हणत, "अमेरिका." वर ऐकवत, "तिकडं मशिनीत वाळवतेत. आपल्या दोरीवर टाक, तिसऱ्या दिवशी वास मारतंय बे." सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातले बारा माग बांधणं, दुरुस्त करणं हे जॉबरचं काम त्यांच्याकडे आणि आणखी एका जॉबरकडे होतं. त्यातल्या एका मागावर माझे वडील होते. मामा नात्याने कुणाचेच नव्हते, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे.

घरात तेलुगू, त्यामुळे मराठी वाचायला त्यांना वेळ लागे. मी लिहिलेली पत्रकं ते माझ्याकडूनच वाचून घेत. मी वाढलोच पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा वडिलांच्या युनियनच्या पत्रकांची असत. माझ्या वाक्यात साम्राज्यवाद आला की मामा हात वर करत. "म्हंजे हितं काय होतंय, ते सांग की."

अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला, तेव्हा इथे काय झालं ते सांगावं लागलं नाही. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे माग बंद असतात, विणकरांच्या देवाचा रथ निघतो. सुट्टी संपवून लोक कामावर आले तर दाराला कुलूप. तिकडच्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवली होती. दुपारी मी पत्रक छापून आणलं: परदेशी मालावर बहिष्कार टाका. मामांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आन् तितल्या पोरानंबी असंच पत्रक काडलं तर? आपला टॉवेल कोन घेतंय?"

बाराही विणकर हसले, माझे वडील सगळ्यात मोठ्याने. मी गठ्ठा पिशवीत कोंबला. सातासमुद्रापार कुणी सही करतं आणि इथली चूल विझते, हा अन्याय आहे, असं मी आजही म्हणतो. पण ते पत्रक मी पुन्हा बाहेर काढलं नाही.

मामा मालकाकडे गेले आणि त्यांनी एकच माग मागितला. अमेरिकेसाठीचं सूत मागावर चढलेलंच होतं. तीन दिवस ते मागाखाली पडून होते. फंदे बुटके केले, वीण विरळ केली आणि आपल्या दोरीवर दोन तासांत वाळेल असा टॉवेल काढला. मालकाने तो व्यापाऱ्यांना दाखवला. इथल्या बाजारात बारा मागांचा माल खपणार नव्हता. सहा माग सुरू करू, सहा माणसं ठेवू, असं मालक म्हणाला.

कोणते सहा? बाहेर सगळे एकमेकांची नजर चुकवत उभे होते. मामांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. बाराही जण येतील, दिवसाआड, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. एकदोघे कुरकुरले. मामा म्हणाले, "अर्दी भाकर घरी नेली तर बायको भांडती. पन दार उगडती की."

मग सहा मागांना दोन जॉबर कशाला, असा प्रश्न निघालाच. दुसरा जॉबर पोराबाळांचा. मामांनी आपला पाना पुसला, त्याच्या हातात दिला आणि शहराबाहेर कुंभारीला घरी निघाले. मी पेटलो, त्यांच्या मागोमाग गेलो. म्हाताऱ्या कामगाराला घालवलं, उद्याच पत्रक काढतो, म्हणालो.

"खोटं लिहू नगंस. मला कुनी काडलं न्हाय. मीच निघालो."

पुढे मी वेगळं पत्रक लिहिलं: करार परदेशात मोडतो, तर बंद दिवसांची मजुरी सरकारने द्यावी. ते घेऊन कुंभारीला गेलो. अंगणात मामा मजेत पेरू खात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, या वेळी हात वर केला नाही. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "मला कशाला वाचतोस? आज ज्याची पाळी न्हाय, त्याच्या घरी जा. त्याला वाच."

यंदा मामा लेकीकडे वारंगळला राहायला गेले. मी अजूनही पत्रकं लिहितो. छापायला देण्याआधी विचारतो, आज घरी कोण आहे, आणि त्याच्या दारात जाऊन बसतो.