आठव्या कॉम्प्युटरचं कव्हर

मी मॉनिटरचं बटण बंद केलं, खोलीचा दिवा घालवला आणि घाईघाईने साडेपाचची एसटी पकडली. कॉम्प्युटर चालूच होता. मुद्दाम चालू ठेवला होता. फक्त ते कोणाला सांगितलं नाही. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला ही चूक शोभत नाही, पण मला न शोभणाऱ्या गोष्टींची यादी तशी मोठी आहे.

मुरबाडजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी लॅब सांभाळायचो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आठ कॉम्प्युटर होते. सातांवर विंडोज, आठव्यावर मी हौसेने लिनक्स टाकलेलं. त्यावर एक प्रोग्राम बसवला होता. परदेशातल्या शास्त्रज्ञांकडे गणितं इतकी असतात की त्यांचे कॉम्प्युटर पुरत नाहीत. मग ते गणितांचे तुकडे करून जगभर वाटतात. आपण इंटरनेटवरून तुकडा उतरवून घ्यायचा, आपल्या मशीनवर सोडवायचा, उत्तर परत पाठवायचं. मिळत काही नाही, बरं वाटतं एवढंच. हा प्रोग्राम घरातल्या बाईसारखा, सगळ्यांचं आटोपल्यावर पानावर बसणारा. दिवसभर मुलं मशीनवर असायची, त्यामुळे तो उपाशीच राहायचा. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच लॅब सुटल्यावरही मशीन चालू ठेवलं.

आमचे शिपाई शंकरमामा बरीच वर्षं हंगामी होते. शनिवारच्या मीटिंगमध्ये त्यांना कायम करायचा विषय होता. रोज संध्याकाळी लॅब झाडून प्रत्येक कॉम्प्युटरला कव्हर घालायचं काम त्यांचं. कव्हरं माझ्या बायकोने जुन्या पडद्यांची शिवली होती. चांगली जाड, पाठीमागूनही बंद.

सकाळी लॅब उघडली तर जळका वास. आठवं मशीन गेलं होतं. कल्याणहून इंजिनीयर आला.

"चालू मशीन झाकलंय," तो म्हणाला. "फॅनला हवाच नाही. पॉवर सप्लाय जळला. आग लागली नाही हे नशीब."

प्राचार्य मॅडमनी मामांना बोलावलं. "शंकरमामा, बटणं दाबून बघितलीत का?"

"नाय मॅडम. काच काळी दिसली. बंद हाय समजून झाकला."

"मग चालू कोणी केला? भुताने?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी इंजिनीयरच्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं.

"अशाने शनिवारी तुमचं नाव मी कोणत्या तोंडाने घेऊ?" मॅडम म्हणाल्या. मामा बाहेर गेले. मी इंजिनीयरचे स्क्रू गोळा करायला लागलो.

हार्ड डिस्क वाचली होती. दुपारी ती दुसऱ्या मशीनला जोडून लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेली रोजनिशी. सव्वापाचला माझ्या नावाने प्रोग्राम सुरू. साडेसातला शेवटची ओळ, पुढे कोरं. एक कमांड दिली असती तर सगळं पुसलं गेलं असतं. लिनक्स वाचणारा पंचक्रोशीत मी एकटाच. आणखी दोघांना शिकवलं असतं, तर निदान मोह तरी झाला नसता.

ती कमांड दिली नाही. मग प्रिंट काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"वरून तिसरी ओळ, मॅडम. ते माझं नाव आहे. मशीन मीच चालू ठेवून गेलो होतो."

त्यांनी चष्मा काढला. "मग सकाळी तोंड शिवलं होतं का?"

मला मेमो मिळाला. शनिवारी मामा कायम झाले.

माफी मागायला गेलो तेव्हा मामा खडू मोजत होते. मी त्यांना सगळा प्रोग्राम समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे सावड," ते म्हणाले. "लावणीला आमी एकमेकाच्या शेतात जातो तशी."

"अगदी तशी."

"मग सर, सावडीला जाणारा माणूस घरात सांगून जातो."

मशीन चालू आहे हे मशीनला ठाऊक असून भागत नाही, झाकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. असतं तरी मी वाचलं नसतं.

करपलेलं कव्हर घरी नेलं. बायकोने ते उलटसुलट करून बघितलं, सगळी हकीकत ऐकली.

"दुसरं शिवून देते, पाठ उघडी ठेवून," ती म्हणाली. "आणि वर दोऱ्याने लिहिते, 'आत चालू आहे.' तुम्ही काही वेळेवर तोंड उघडायचे नाही."