चपला कुंपणाबाहेर

डोळे मिटले की मला अजून ती वाफ दिसते. थंडीतली सकाळ, शाळेच्या मागच्या भिंतीवर दव, आणि फुलांच्या खताचा तो ढीग सावकाश वाफ सोडतोय. आत हात घातला तर गरम. चुलीपुढे बसावं तशी आम्ही सगळी त्याच्याभोवती बसायचो आणि कुणी फारसं बोलायचं नाही. एरवी वर्गात ज्यांना गप्प करताना माझा घसा बसायचा, तीच पोरं. मी विज्ञान शिकवते, ती ऊब जिवाणूंची असते हे मला माहीत आहे. पण तेव्हा तसं वाटायचं नाही. वाटायचं, कुणीतरी झोपलंय आणि शांत श्वास घेतंय.

आमची शाळा नाशिकची, गोदावरीच्या घाटावर चालत जाता येईल इतकी जवळ. शाळेच्या मागे एक तुकडा पडून होता. मोडके बाक, गाजरगवत आणि कोपऱ्यात कधीतरी कुणी टाकलेला कमोड. पर्यावरण मंडळ माझ्या गळ्यात पडलं ते माझ्याच तोंडामुळे. बैठकीत म्हणून गेले, "नुसती पोस्टरं रंगवून झाडं उगवत नसतात!" झालं, हात दाखवून अवलक्षण. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिथल्या तिथे मंडळ माझ्याकडे सोपवलं.

"मागची जागा घ्या," त्या म्हणाल्या. "पण आधीच सांगून ठेवते हं, संस्थेला तिथं पार्किंग करायचंय. आज ना उद्या फरशी पडणार. तोवर करा काय करायचं ते. दिसायला चांगलं झालं तर मी शब्द टाकून बघीन."

म्हणजे पहिल्या दिवसापासून आम्हाला ठाऊक होतं की ती जागा आमची नाही. त्यामुळेच असेल, मुलांचा जीव तिच्यात जास्त अडकला. मोडक्या बाकांच्या फळ्यांचं कुंपण झालं. रंगाच्या डब्यांत कढीपत्ता, दुधाच्या पिशव्यांत रोपं. कमोडमध्ये एकाने अळू लावला आणि तो असा काही फोफावला की बघत राहावं! त्याच्या वड्या खायला मात्र कुणी तयार होईना.

खताची कल्पना पंचवटीतल्या एका मुलाची. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी, आणि तोंड असं की समोरच्याचा शब्द जमिनीवर पडू देणार नाही. म्हणाला, "बाई, गणपतीत नदीवर किती फुलं वाहून जातात! ती आणू या की." मग विसर्जनाच्या दिवशी आम्ही घाटावर टब घेऊन उभे. निर्माल्य पाण्यात सोडायचं ही लोकांची वर्षानुवर्षांची सवय, ते आमच्या टबात कोण टाकणार? पण हा पठ्ठ्या ओरडत सुटला, "काका, इकडे टाका! पुण्य तेवढंच आहे, वर नदीचा आशीर्वाद फुकट!" लोक हसले आणि देऊ लागले. झेंडू, शेवंती, दूर्वा, केवड्याची पानं. दोरे, प्लास्टिक, थर्माकोल वेगळं करता करता हात आठवडाभर पिवळे राहिले आमचे.

आणि त्याच दिवशी, टब बागेत रिकामे करताना, एका मुलीने तो प्रश्न विचारला.

ती सुरगाण्याकडच्या डोंगरातली. शाळेजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. भात काढून झाला की तिचे आईवडील खाली द्राक्षबागांच्या कामाला यायचे, त्यामुळे घर असं तिला वर्षातून थोडेच दिवस मिळायचं. बोलायची कमी. त्या दिवशी मात्र ढिगाकडे बघत म्हणाली, "बाई, ही देवाची फुलं. याचं खत व्हनार, ते मातीत जानार. मंग त्या मातीवर बूट घालून कसं चालायचं?"

निर्माल्य पायदळी येऊ नये हे तर प्रत्येकाने घरी ऐकलेलं. शेवटी ठरलं, चपला कुंपणाबाहेर. बागेत यायचं तर अनवाणी. मी मनात म्हटलं, काचा लागतील, काटे लागतील, पालक माझ्या नावाने शंख करतील. पण बघते तर ती मुलगी बूट काढून, मोजे बुटात कोंबून, ओल्या मातीत उभी होती आणि पायाची बोटं हळूहळू मातीत रुतवत होती. चेहरा असा, की बऱ्याच दिवसांनी कुणी ओळखीचं भेटावं.

"बरं वाटतं गं?" मी विचारलं.

"लय बरं वाटतं. गावाला तसंच आसतं. इथं शाळेत फरशी, वसतिगृहात फरशी. पायांना कळतच नाय कुठं हाय ते."

त्यानंतर मी काच-काट्याचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला ती जागा शाळेसाठी नको होती, मंडळासाठीही नको होती. त्या पोरीच्या पायांसाठी हवी होती.

पण भक्ती आमच्या चांगलीच अंगाशी आली. मी सांगितलं होतं, ढीग काठीने वरखाली करत राहा, हवा खेळली पाहिजे. मुलं हो म्हणायची आणि करायची नाहीत. देवाच्या फुलांना काठीने ढोसायचं कसं? उलट प्रत्येकाने, एकमेकांना न सांगता, येता-जाता ढिगावर ओंजळभर पाणी शिंपडायला सुरुवात केली. देवाला कोरडं ठेवू नये म्हणून! कुणी बाटलीतलं, कुणी घरून तांब्यात आणलेलं गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं. वर परतीचा पाऊस होताच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ढीग कुजून असा घमघमला की दहावीच्या वर्गात खिडक्या लावून शिकवायची वेळ आली.

मोठ्या बाई नाकाला पदर लावून आल्या. "काय हो हे? देवाच्या नावाने उकिरडा केलात! दिवाळीपर्यंत हा वास गेला नाही, तर मी संस्थेला कशाला थांबवू? फरशीच बरी."

मुलांचे चेहरे पडले. मी खूप चिडले होते, पण चिडणार कुणावर? प्रत्येकजण मान खाली घालून सांगत होता, "बाई, मी थोडंसंच घातलं." प्रत्येकाचं थोडंसंच! मला हसू आवरेना. मग मुलंही हसली, आणि हसता हसता आम्ही कामाला लागलो. काठी नको ना? मग हात घाला. ढिगाला नमस्कार करून मुलांनी हातांनी तो चिखल उपसला. वाळलेला पाला आणला, जुन्या चाचणी परीक्षांचे पेपर बारीक फाडून घातले. आपले नापासाचे पेपर देवाच्या पायाशी गेले म्हणून काहीजण फारच खूश होते. सुरगाण्याची मुलगी कोपरापर्यंत हात घालून बसायची. वसतिगृहात तिच्याशेजारी कुणी जेवायला बसेना, तरी येत राहिली.

दिवाळीनंतर वास गेला आणि वाफ आली. मोठ्या बाई एकदा येऊन ढिगावर हात धरून गेल्या. कुंपणाशी त्यांनीही चपला काढल्या, ते मी बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं.

तो हिवाळा मला स्वप्नासारखा आठवतो. काय आधी झालं, काय नंतर, ते नीट लावता येत नाही. मेथीचे वाफे होते. मुळ्याची पांढरी फुलं होती, त्यांवर मधमाश्या. कुणीतरी गुणगुणत पाणी घालायचं. उन्हात पाठ शेकत बसलेली पोरं, आणि कुंपणाबाहेर चपला-बुटांची रांग, देवळाबाहेर असते तशी. मी वह्या तपासायला तिथेच बसायचे आणि मध्येच डुलकी लागायची. कुणी उठवायचं नाही.

मग पावसाळ्यात झेंडू आला. आम्ही लावला नव्हता हो! ढिगाच्या कडेला ऊब कमी होती, तिथे बिया तगल्या असणार. ते खत जिथे जिथे पसरलं तिथे तिथे झेंडू. मेथीत झेंडू, वांग्यात झेंडू, कमोडमधल्या अळवाच्या बगलेतून झेंडू. घाटावर कुणीकुणी गणपतीला वाहिलेली फुलं परत आली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोडायला गेलो तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळ्याधमक उजेडात मुलं बुडून गेली होती, नुसती डोकी दिसत होती. मला वाटलं, आता ही जागा कोण घेणार? ज्याला डोळे आहेत तो तरी घेणार नाही.

प्रत्येक वर्गाला तोरण झालं. संस्थेची मंडळी शाळेत शस्त्रपूजेला आली, तेव्हा पंचवटीच्या मुलाने त्यांच्या गाड्यांनाही हार घातले. दसऱ्याला वाहनाची पूजा करायची, ती आपल्या फुलांनी का नको? एक मोठे गृहस्थ हार बघून खूश झाले. "वा! कुठून आणली फुलं?"

"मागच्या बागेतली, सर. सगळी मुलांनी वाढवलेली," मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. शब्द टाकायची त्यांची ती वेळ होती, आणि त्यांनी टाकला. मी साक्षीला आहे. जागा राहू द्या म्हणाल्या, मुलांचा जीव आहे म्हणाल्या.

"छानच! मुलांचं कौतुक करा," ते म्हणाले. "पण गाड्या रस्त्यावर लावायच्या का आम्ही? दिवाळीच्या सुट्टीत काम उरकून घ्या. कुंड्या ठेवू की कडेने चार."

आमच्याच झेंडूचा हार घातलेली गाडी फाटकातून बाहेर गेली. मी तिथेच उभी. संताप, संताप झाला नुसता. मोठ्या बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

मुलांना सांगणं माझ्याच वाट्याला आलं. रडतील असं वाटलं होतं. पण सुरगाण्याची मुलगी म्हणाली, "बाई, मंग गाड्या ह्याच मातीवर चालनार? देवाच्या?"

बस. पुढचं मला सांगावं लागलंच नाही. सुट्टी लागायच्या आधी मुलांनी माती उचलायला सुरुवात केली. निर्माल्याची माती चाकाखाली जाऊ द्यायची नाही. दप्तरांत, डब्यांत, कापडी पिशव्यांत, रोज थोडी थोडी. अंबडला एमआयडीसीत कामाला जाणारे वडील मुलांना घ्यायला यायचे, तेही मोटारसायकलला पिशव्या अडकवून न्यायचे. पंचवटीचा मुलगा तांब्याच्या घंगाळात घेऊन गेला, आजोबांनी तुळशीला घालायला मागितली म्हणे. मोठ्या बाईंनीही रंगाचा एक डबा भरून नेला. माझ्या गॅलरीत तर चालायला जागा उरली नाही. बाग अशी हळूहळू शहरभर निघून गेली, कुठल्या कुठल्या गच्च्यांवर, खिडक्यांत. काळी माती सरली, खालचा मुरूम दिसायला लागला.

शेवटच्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या मुलीच्या हातात काहीच नव्हतं.

"तुझी पिशवी कुठाय गं?"

"मी कुठं नेऊ बाई? वसतिगृहात ठेवू देत नायत. गावाला माती हायेच." भिंतीजवळ ओंजळभर, फार तर घमेलंभर माती तिने तशीच सोडली होती. "ही माझ्या वाटची. राहू द्या हितंच. कोनीतरी राह्यला पायजे ना."

"अगं, वर फरशी घालतील."

"घालू द्या," ती म्हणाली आणि बूट हातात घेऊन अनवाणीच गेली. संध्याकाळच्या जीपने ती गावी जाणार होती.

सुट्टीनंतर शाळा उघडली. मागे लाल-करड्या ब्लॉकची फरशी, त्यावर पांढरे पट्टे, गाड्या ओळीत. आता कुठे काय होतं ते सांगताही येईना. मी शिक्षकखोलीची मागची खिडकी लावून टाकली. कुणी उघडली की भांडायचे. मंडळाचं काय करायचं असं मुलांनी विचारलं तर म्हणायचे, बघू. मनातून मी हरले होते.

एका सकाळी प्रार्थनेच्या आधी मागच्या बाजूला गेले, खरं तर एका पोराला शोधायला. थंडी पडली होती. भिंतीजवळ, दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत, ती उभी होती. बूट पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर नीट लावलेले, मोजे बुटांत कोंबलेले. उघड्या पायांनी ब्लॉकवर उभी, डोळे मिटून.

माझा पाराच चढला. तिच्यावर नाही, सगळ्यावरच. "काय गं वेडे, सर्दी होईल! काय राहिलंय इथं आता?"

तिने डोळे उघडले. जरासुद्धा दचकली नाही.

"खाली हाय ना, बाई."

मी चपला काढल्या, तिच्या बुटांशेजारी ठेवल्या आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ब्लॉक बर्फासारखे लागत होते.

"गार आहे गं फार," मी म्हटलं.

"जरा वेळ उभं राहा," ती म्हणाली. "मंग ऊब लागते."

घंटा होईपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या होतो.