नाव ठेवण्याआधी

मेश्राम मॅडमची आणि माझी पहिली भेट आंग मो किओ या परदेशी उपनगरातल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टसमोर झाली. मी बायकोशी, नंदिनीशी, फोनवर बोलत होतो. दंडावर डास बसला म्हणून मी हात उगारला, तेवढ्यात मागून कुणीतरी मराठीत ओरडलं, "थांबा! मारू नका!" कॉटनची साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा एका पन्नाशीच्या बाईंनी पर्समधून काचेची बाटली काढून माझ्या दंडावर उपडी केली आणि खालून लायब्ररीचं कार्ड सरकवलं. बाटली उजेडात धरून त्या म्हणाल्या, "एडिस, डेंग्यूवाली. मादी आहे. पोट भरलेलं दिसून राहिलं. चावली वाटते तुम्हाला." आवाजात आनंद होता. माझी चौकशी त्यांनी त्यानंतर केली.

डॉ. सुजाता मेश्राम मूळच्या भंडाऱ्याकडच्या. ऐन उमेदीची बारा वर्षं त्यांनी टांझानियात डास ओळखण्यात घालवली होती, आणि आता इथल्या एका संशोधन संस्थेत आफ्रिकेतून आलेले नमुने तपासत होत्या. त्यांच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी डासांच्या डब्या असत. "त्यांच्याकडे आइस्क्रीम खायचं नाही," हा आमच्या घरचा नियम नंदिनीने पहिल्याच आठवड्यात केला.

डासांबद्दल त्या नात्यातल्या बायकांबद्दल बोलावं तसं बोलत. "मलेरियावाल्या दोघी घ्या. गॅम्बीला उन्हातलं उथळ पाणी लागते. गाईच्या खुराचा ठसा पावसानं भरला, तरी तिचा संसार सुरू. फ्युनेस्टसचं तसं नाही. तिला गवताची सावली पाहिजे, वर्षभर टिकणारं पाणी पाहिजे. आणि तुमची ही एडिस! मूळची आफ्रिकेच्या जंगलातली, झाडाच्या ढोलीत वाढणारी. आता शहरात फ्लॅट घेऊन राहून राहिली. तुमच्यासारखीच, पाटणकर साहेब. फक्त तिला एम्प्लॉयमेंट पास लागत नाही."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "नाव ठेवण्याआधी पाहून घ्या." ते डासांपुरतंच आहे असं मी बरेच दिवस समजत होतो.

मग आमच्या ईराला डेंग्यू झाला. अकरा वर्षांची पोर पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. रोज सकाळी मी प्लेटलेट्सचा आकडा दोनदा विचारून घेई. भीती कुणावर तरी काढायला हवी होती, आणि समोर लिम अंकल होते. आमचे शेजारी, सत्तरीचे, एकटे राहणारे. त्यांच्या दारासमोर कॉरिडॉरमध्ये कुंड्यांची रांग आणि एक जुनी बादली. त्या बादलीत मी वळवळणाऱ्या अळ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. फोटो काढले, सरकारकडे तक्रारीचा ईमेल लिहिला, आणि पाठवण्याआधी कौतुकाच्या अपेक्षेने तो मॅडमना दाखवला.

त्यांनी तो पूर्ण वाचला. "काहून पाठवून राहिले? पाहिलं का तुम्ही?"

"फोटो आहेत की!"

"फोटोत अळी आहे. कोणाची आहे ते कुठं आहे?"

त्या पळी आणि पांढरा वाडगा घेऊन आल्या. लिम अंकलची परवानगी घेऊन त्यांनी बादलीतलं पाणी वाडग्यात घेतलं आणि जमिनीवर बसून भिंग लावलं. "टॉक्सो," त्या हसून म्हणाल्या. "केवढी मोठी, लालसर आहे पाहा. हिची मादी माणसाला चावतच नाही. आणि ही अळी बाकीच्या डासांच्या अळ्या खाते. हिच्या बहिणी आफ्रिकेतही आहेत, गुणी पोरी." तरी बादली त्यांनी रिकामी करायला लावलीच. साचलेलं पाणी ठेवायचं नाही, नियम म्हणजे नियम.

मग त्या आमच्या घरात शिरल्या. दिवाणखान्यात पुण्याहून मी स्वतः उचलून आणलेली पितळी उरळी होती, पसरट कढईसारखी. तिच्यात दर शुक्रवारी मी ताजी फुलं तरंगवायचो. फुलं बदलायचो, पाण्यात मात्र नुसती भर घालायचो. मॅडमनी पाकळ्या बाजूला सारल्या.

"या, पाहा. डोकं खाली, श्वासाची नळी वर, अशा लटकल्या आहेत. मलेरियावाली अ‍ॅनॉफिलिस असती तर पाण्यावर आडवी पडली असती. ही एडिस. आणि काठावर अंडी."

"म्हणजे ईराला माझ्याच..."

"ते मी म्हणणार नाही. तिला कोणती चावली ते मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग उरळी मोरीत ओतून घासता घासता, माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "मी नवीन होते तेव्हा एका गावात गेले. मोठं तळं, काठाला दाट गवत. तिथं मला फ्युनेस्टस मिळाली. मी गावाला सांगितलं, ताप इथूनच येतो. सगळ्यांनी मिळून गवत काढलं. ताप काही थांबला नाही. शेजारीच विटांसाठी माती काढलेले उथळ खड्डे होते, उन्हात. गॅम्बी तिथं होती. मी रोज त्या खड्ड्यांवरून चालत जायची. आमचा स्वयंपाक नीमा करायची. तिची मुलगी गेली त्या वर्षी. ईराएवढीच होती."

उरळी घासून झाली तरी त्या घासतच राहिल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात लिम अंकल, हातात पपईच्या पानांची जुडी. "फॉर द गर्ल. शी ओके ऑर नॉट?" मी पानं घेतली आणि सगळं सांगून टाकलं : फोटो, ईमेल, उरळी. "नेक्स्ट टाइम यू नॉक फर्स्ट, लाह," ते इथल्या लकबीत एवढंच म्हणाले. ईमेल मी त्यांच्यासमोरच पुसला. हॉस्पिटलमधल्या पाचव्या दिवशी ईरा घरी आली.

मागच्या वर्षी मॅडमचं इथलं काम संपलं. आता भंडाऱ्याला जाऊन आराम करतील असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी तिकीट काढलं ते टांझानियाचं. गावोगावच्या आरोग्यसेविकांना अळ्या ओळखायला शिकवायचं होतं. विमानतळावर त्यांच्या बॅगेत नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या बघून अधिकाऱ्याने कारण विचारलं, ती त्याची चूक. मागे रांग खोळंबली होती आणि मॅडम त्याला खुराच्या ठशाबद्दल समजावत होत्या.

त्या आत जाण्याआधी मी विचारलं, "त्या गावात जाणार?"

"पंचवीस वर्षांत गेले नाही," त्या म्हणाल्या. "नीमानं दार लावून घेतलं तर काय करावं, हे ठरत नव्हतं. अजूनही ठरलं नाही. पण जाऊन पाहते."

तीन आठवड्यांनी त्यांचा मेसेज आला. फोटो नव्हता, दोनच ओळी होत्या : "नीमाकडे जेवले. बोलणं फार झालं नाही. तिनं दोनदा वाढलं."