लाल शाईतली गैरहजेरी

ज्या वर्षी मला देव गप्प आहे असे वाटले, त्या वर्षाविषयी मी आजवर कोठे लिहिले नाही. जन्माने ख्रिस्ती, पेशाने शिक्षक, आणि तरीही चार-पाच महिने माझी प्रार्थना केवळ सवयीने चालली होती, हे कबूल करण्याचा संकोच वाटत होता. आता वयाने तो संकोच घालवला आहे.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली बेलापूरपासून कोसभर अंतरावरच्या एका खाडीकाठच्या गावी झाली. आज त्या बाजूला कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. तेव्हा भातशेती, मिठागरे आणि पलीकडे चकाकणारे खाडीचे पाणी एवढेच होते. गावात ख्रिस्ती घर आमचे एकटेच. रविवारी पत्नी, मी आणि आमची सहा वर्षांची करुणा चटईवर बसून उपासना करत असू, आणि शेजारची चांगूबाई दारात उभी राहून आमची गीते ऐकत असे. ती मिठागरात मजुरी करणारी, मोठ्या आवाजाची विधवा बाई होती.

जूनमध्ये मी करुणाचे नाव स्वतःच्या हाताने पहिलीच्या हजेरीपटात लिहिले. जुलैत तिला ताप आला. ताप उतरला तेव्हा तिचा उजवा पाय लुळा पडला होता. मुंबईच्या रुग्णालयात पाच आठवडे काढले. निघताना डॉक्टर म्हणाले, "पायात थोडे बळ शिल्लक आहे. ते वाढेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. तिला चालवत राहा. घाबरून बसून राहिली, तर आहे तेही जाईल."

मी शिक्षकाला साजेशी व्यवस्था लावली. सकाळी वीस पावले, संध्याकाळी वीस पावले, भिंतीला धरून, माझ्या देखरेखीखाली. पहिल्याच आठवड्यात ती शहाबादी फरशीवर आपटली आणि हनुवटी फुटली. त्यानंतर माझे "एक, दोन" सुरू झाले की ती खांबाला मिठी मारून रडू लागे. तिची पावले वीसवरून सातवर आली, सातवरून तीनवर, आणि दिवाळीच्या सुमारास तिने पाय टाकणेच सोडून दिले.

प्रार्थनेची वेळ मात्र मी चुकवली नाही. पहाटे उठून गुडघे टेकत असे आणि तीच विनंती, त्याच शब्दांत, देवापुढे ठेवत असे. वर्गात नाव पुकारावे, थांबावे, आणि "हजर" हा शब्द येऊ नये, तसे मला रोज वाटे. शाळेत मी करुणाचे नाव पुकारणे बंद केले होते. त्या ओळीवर आलो की नजर न उचलता पुढच्या नावाकडे जात असे. पत्नीला एकदा म्हणालो, "आपण बोलतो, पण पलीकडे कोणी आहे का?" ती तांदूळ निवडत होती. "आहे," एवढेच म्हणाली आणि निवडत राहिली. तिच्या त्या खात्रीचा मला राग आला.

त्याच दिवसांत वर्ग ओस पडू लागला. तीस मुलांपैकी बारा येत, मग नऊ. मी प्रत्येक नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडत गेलो. घरी उंबऱ्याशी करड्या चिखलाचे वाळलेले डाग दिसू लागले, तेव्हा पत्नीला स्वच्छतेवर एक लहानसे व्याख्यानही दिले. तिने ते मान खाली घालून ऐकले. ती हसू दाबत होती, हे मला फार नंतर कळले.

एका सकाळी वर्गात पाचच मुले होती. त्यांना पाढे लिहायला सांगून मी बाकीच्यांना परत आणायला तावातावाने मिठागराच्या बांधावर गेलो.

मीठ पिकवण्याआधी तिथे एक काम असते, ते मी तोवर पाहिले नव्हते. पावसाचे पाणी काढून टाकलेल्या वाफ्यात गुडघाभर चिखल उरतो. बायका, पुरुष, मुले हातात हात गुंफून ओळीने उभी राहतात आणि गाण्याच्या ठेक्यावर तो तुडवतात. रोज तुडवून चिखल हळूहळू आवळत जातो, आणि शेवटी त्याचा तळ घरातल्या भुईसारखा घट्ट होतो. त्यावर खारे पाणी घेतले, की पांढरे मीठ धरते.

"आलं गं गुरुजी!" चांगूबाई ओरडली. "आता आमालापन हजेरीला उभं करतान का काय?"

ओळ हसली. माझ्या विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. आणि त्या ओळीत, चांगूबाई आणि दुसऱ्या एका बाईच्या मधोमध, मला करुणा दिसली. ती कमरेपर्यंत माखलेली होती आणि गात होती. मला पाहताच तिचा चेहरा उतरला, हात सुटला, आणि ती सपशेल चिखलात बसली. मी तिला उचलायला पुढे झालो. पण ती खळखळून हसली.

"परली का? ऊठ बाय. चिखल कुनाला मारत नाय," चांगूबाई म्हणाली.

"हिला इथे कोणी आणले?" मी विचारले.

"मी आनली, रोज आनतंय. तुमच्या भुईवर परली का लागतं, म्हनून पोर पाय टाकीत नाय. हितं परायचा भ्याच नाय. बघा तं खरं!"

पुन्हा ठेका सुरू झाला. डावा पाय, मग उजवा. उजवा उशिरा उचलला जात होता, वाकडा पडत होता, पण पडत होता. पावले मोजायचे मला सुचले नाही. मी बांधावर बसलो आणि रडलो.

घरी पत्नीला विचारले, "मला का सांगितले नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता," ती म्हणाली. "म्हणून तुम्हांला न विचारता देवाला विचारलं."

ते खरेच होते. जंतुसंसर्गाचे कारण देऊन मी नाही म्हणालो असतो. त्या रीतीतले शहाणपण पुढे रोज पाहिले. दिवसागणिक वाफा घट्ट होत गेला, आणि ज्या गतीने तो घट्ट झाला त्याच गतीने तिचा पाय कठीण जमिनीला सरावला. चांगूबाईने डॉक्टरांचे बोलणे ऐकलेले नव्हते. हे कसे घडले याचा उलगडा ज्याने त्याने आपल्या परीने करावा. मी फक्त पाहिले ते सांगतो.

बांधावरून परतलो त्या रात्री हजेरीपट उघडला आणि लाल खुणांकडे पाहत राहिलो. ज्यांना मी रोज गैरहजर मांडत होतो, ती मुले माझ्याच लेकीसाठी भुई घट्ट करत होती. मग मी ज्याला पहाटे हाका मारत होतो, त्याच्याविषयी माझा निर्णय किती घाईचा होता! मला शब्दात उत्तर हवे होते. तो शेजारणीच्या हाताने काम करत होता, माझ्या उंबऱ्यावर त्याच्या खुणाही उमटत होत्या, आणि मी त्या पुसून काढायला सांगत होतो.

मार्चमध्ये चांगूबाईने त्या वाफ्यातले मीठ फडक्यात बांधून आणले. "तुमच्या पोरीच्या पायाखालचा हाय," म्हणाली. त्या रविवारी आम्ही तेच मीठ घातलेला भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी करुणा माझ्याबरोबर शाळेत आली. ती लंगडत होती, आजही लंगडते. रस्त्यात दोनदा पडली आणि दोन्हीदा आपली आपण उठली. मी पट उघडला आणि सात-आठ महिन्यांनी ते नाव पुकारले.

"हजर, गुरुजी."

हे मी माझ्या पोरीच्या तोंडून ऐकले. त्यानंतर संकटे पुष्कळ आली, आणि पहाटेची खोली पुष्कळदा निःशब्द राहिली. पण देवाच्या नावापुढे लाल शाई मी पुन्हा कधी लावली नाही.